किसननाना पाणबुडीत

आमच्या पाटोद्याचे किसननाना कुठल्याही वस्तूवर आधी वीत टाकतात, मग तिच्याविषयी बोलतात. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हा मुलाला काहीही न विचारता त्यांनी त्याच्या घराची चौकट मोजली आणि "दार मापात न्हाई, पोरगी वाकून वाकून मरंल," म्हणत पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. एसटीत बसले की पाय ठेवायची जागा मोजून कंडक्टरला सुनावतात. मी त्यांचा शेजारी, त्यात शाळेत मास्तर. त्यामुळे गावातलं प्रत्येक माप मला येऊन सांगतात.

त्यांचा मुलगा गणेश नौदलात पाणबुडीवर आहे. नानांनी त्याच्यासाठी स्लॅबची खोली बांधली. चोरांच्या भीतीनं लोखंडी दार बसवलं आणि खिडकी एकही ठेवली नाही. गणेश मात्र सुट्टीवर आला की ऐन थंडीतही अंगणात बाज टाकून झोपायचा. मागच्या सुट्टीत नानांचा पारा चढला. "कावून रं, घरात काटे हायती का? सरकारी नोकरीचा गडी अन् राखणदारावानी भाईर पडतो! लोकं माझ्या तोंडात शेण घालत्यात!" गणेश सुट्टी संपायच्या आधीच निघून गेला. तेव्हापासून त्याचा फोन फक्त आईला येतो.

माझी मुलगी विशाखापट्टणला शिकते. मी तिला भेटायला निघालो, तर नाना पिशवी घेऊन दारात हजर. "तिथं किनाऱ्यावर पाणबुडी ठिवलीय म्हनं, लोकायला बघायला. मला बघायचीय." मुलाचं नावही काढलं नाही.

सेवेतून निवृत्त झालेल्या त्या पाणबुडीत एकामागं एक असंच चालावं लागतं. नानांनी नळ, चाकं, दारं, काही सोडलं नाही. टॉर्पेडोवर वीत टाकली, तेव्हा गाइड ओरडला. मागे रांग तुंबली. झोपायच्या फळ्या एकावर एक ठोकलेल्या होत्या. तिथे पोचलो आणि नाना दोरी ओलांडून थेट मधल्या फळीवर शिरून आडवे झाले. टोपी वरच्या फळीला अडून खाली पडली. लोकांनी मोबाइल काढले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाना, उठा, लोक बघतायत," मी दात आवळून म्हणालो. टोपी उचलायचंही मला सुचलं नाही.

"खिडकी किधर है?" नानांनी आतूनच गाइडला विचारलं.

"चाचा, पनडुब्बी में खिडकी? अंदर वालों को कई-कई दिन आसमान नहीं दिखता."

रांगेत खसखस पिकली. नाना काही उठेनात. मी वैतागून आत वाकलो, तर ते दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते. आता मला माझीच लाज वाटली.

बाहेर आल्यावर ते समुद्राकडे पाठ करून वाळूत बसले.

"मास्तर, पोरगं आभाळ बघायला अंगणात निजत व्हतं. अन् मी त्याला परत डब्यात घालीत व्हतो. आता कोनच्या तोंडानं बोलू त्याला?"

मग त्यांनी मला घरी फोन लावायला सांगितलं. गणेशच्या आईनं, काकूंनी, उचलला.

"गण्याचा फोन आला की सांग, बाज अंगणातच टाकून ठिवलीय. कव्हाबी ये म्हनाव."

"कोनची बाज?" काकूंचा आवाज खणखणीत. "तो गेला त्याच दिशी तुमीच की कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातली!"

आसपासच्या माणसांनी वळून पाहिलं. नाना लाजून वाळूकडे बघत राहिले.

"नवी ईनतो," ते हळूच म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि इथं सुतळी कुठं मिळते, ते त्याच गाइडला विचारायला गेले.