गंगाक्कांच्या मनगटावरचा दगड

आमच्या शेजारच्या बसाप्पा काकांकडं जेवायला बसलं की पानातल्या चपातीवर म्हैस उमटलेली असायची. काकांनी दगडात कोरलेला शिक्का कणकेवर दाबून बघितलेला असायचा. त्यांच्या पत्नी गंगाक्का शांतपणे वाढत म्हणायच्या, “खावा मास्तर. शिंगं मऊच हायती.”

काका संग्रहालयात पहारेकरी होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तिथं परदेशातल्या जुन्या थडग्यांत सापडलेल्या वस्तूंचं प्रदर्शन आलं. एका काचेच्या पेटीत बोटाच्या पेराएवढा, भोक पाडलेला दगड होता. हजारो वर्षांपूर्वी कुणा बाईनं तो दोऱ्यात ओवून मनगटाला बांधला होता, आणि त्याच्यासकट तिला पुरलं होतं. शेजारी त्याचा मातीतला ठसा. दगडावर नुसते ओरखडे दिसायचे. ठशात मात्र पाडसाला चाटणारी हरणी. आठ दिवस काका त्या पेटीपासून हलले नाहीत. येईल त्याला थांबवून सांगायचे, “पावणं, बाईचं नाव कुणालाच ठावं न्हाय. पर तिची हरणी अजून चाटतीया बघा.” एरवी गल्लीभर ऐकू जाणारा त्यांचा आवाज तेव्हा गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखा खाली यायचा.

तेव्हापासून ते स्वतः कोरायला लागले. मऊ दगड, मोडक्या सुया, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. ठसा सुलटा यायचा तर दगडात सगळं उलटं कोरावं लागतं. त्या सवयीत त्यांनी एकदा दूधवाल्याला चिठ्ठीही उलटी लिहिली. तो बिचारा आमच्याकडं आरसा मागायला आला.

गेल्या उन्हाळ्यात गंगाक्का गेल्या. त्यांच्यात पुरतात. माती ओढायच्या आधी काका वाकले, खिशातून दोऱ्यात ओवलेला एक बारका दगड काढला आणि अक्कांच्या मनगटाला बांधू लागले. गाठ बसेना. सगळे थांबले. कुणी घाई केली नाही.

चार दिवसांनी त्यांच्या घरी बसलो असताना मी विचारलं, “काय कोरलं होतं?”

“तिचं तोंड कोराय गेलतो. बारा दगूड फुकट गेलं, जमलं न्हाय. मग दोन वाट्या कोरल्या. सांजचं आमी ताक प्यायला बसायचो, त्या.”

“ठसा ठेवलाय का?”

“न्हाय. तिचा हाय त्यो. म्होरं कवा कुणाला घावला, तर कळंल की, दोघं हुती म्हणून.”

काका उठून स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्या-झाकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग ते दारात येऊन उभे राहिले.

“मास्तर, जरा तुमच्या घरात इचारून येता का? आमच्यातली साखर कुठल्या डब्यात असती, त्यास्नी ठावं असंल.”