सत्तावीस अक्षरांची खुर्ची

बुधवारी सकाळी दात घासता घासता जावईबापूंनी एक छोटासा निर्णय घेतला: यापुढे शब्दकोशाच्या वाटेला जायचं नाही.

घर जावईबापूंचं, पण लग्नाबरोबर सासरेही राहायला आले आणि जावईबापूंचं पाळण्यातलं नाव मागे पडलं. बायको ‘अहो’ म्हणे, बाकी सगळे जावईबापू. सासरे निवृत्त क्रीडाशिक्षक. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. खेळ नाही तर निदान खेळाचे नियम तरी हवेत, म्हणून त्यांनी घरात एक स्पर्धा सुरू केली होती. रविवारी जेवण झालं की ते कापडी पिशवीतून इंग्रजी अक्षरांचे चार लाकडी ठोकळे काढत. ती चारही अक्षरं असलेला लांबात लांब शब्द पुढच्या रविवारपर्यंत शोधायचा. शब्द छापलेला दाखवायचा, आणि तो कुठे कामाला येतो तेही सांगायचं.

स्पर्धक दोनच. एक जावईबापू, दुसरा खालच्या मजल्यावर राहणारा मेहुणा. मेहुण्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांकडून भिंतीवरची इंग्रजी अक्षरं वाचून घेऊन ती आपल्या रक्तात भिनली आहेत, असा त्याचा दावा होता. जिंकेल त्याने आठवडाभर खिडकीजवळच्या हातांच्या लाकडी खुर्चीत बसायचं, हरेल त्याने वॉशबेसिनजवळच्या डुगडुगत्या स्टुलावर. लग्न झाल्यापासून जावईबापू स्वतःच्या घरात स्टुलावर बसत होते. मेहुणा नसला तरी खुर्ची मोकळी नसे. तिथे त्याचा रुमाल बसलेला असे.

या आठवड्याची अक्षरं होती झेड, वाय, एच आणि सी. शब्दकोश चाळून जावईबापूंचे डोळे पांढरे झाले होते. आणि बुधवारी, तोंडात फेस असताना, त्यांची नजर समोरच्या शाम्पूवर पडली. बाटलीच्या पाठीवर मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरं होती, आणि काय एकेक शब्द! मालगाडीसारखे, सुरू झाले की संपायचं नाव नाही. आपण तिकडे डोंगर पोखरत बसलो आणि खाण इथे न्हाणीघरात!

‘‘अहो, झोपलात का आत?’’ बायकोने दार वाजवलं.

‘‘वाचतोय!’’

‘‘काय?’’

‘‘शाम्पू!’’

ती बाहेर वडिलांना म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही खालच्या न्हाणीघरात जाऊन या. इथे ग्रंथालय उघडलंय.’’

उभ्याने वाचणं जमणार नव्हतं हे उघड होतं. पण जावईबापू काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते एका मोठ्या गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवण्याच्या विभागाचे प्रमुख होते. लेबल चिकटवणाऱ्याला ते सोडवताही येतं. बायको भिशीला गेल्याचं पाहून त्यांनी घरातल्या यच्चयावत बाटल्या बादलीभर गरम पाण्यात बुडवल्या. (औषधं बायकोच्या कुलपात होती, म्हणून पुढचा अनर्थ नुसता हास्यास्पद राहिला.) लेबलं अलगद सुटली. वाळल्यावर जावईबापूंनी मोठ्या अक्षरांतली नावं कात्रीने उडवून केरात टाकली. त्यांचं शास्त्र सरळ होतं: मोठ्या अक्षरांतला शब्द नेहमी छोटा असतो, मोठे शब्द बारीक अक्षरांत राहतात.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नाही. बायको सगळं सामान एकाच घाऊक दुकानातून आणायची आणि तिथल्या सगळ्या बाटल्या पांढऱ्या, एका उंचीच्या, एकाच झाकणाच्या होत्या.

गुरुवारी गोदामात शिपाई त्यांच्या डोक्याजवळ नाक नेऊन म्हणाला, ‘‘साहेब, आज तुम्हाला पुसून काढलंय का? आमच्या जिन्यात अस्साच वास येतो.’’ घरी सासऱ्यांचे बूट हात धुण्याच्या साबणाने चमकवले गेले आणि पहिल्याच फेरीत पावलोपावली बुडबुडे सोडू लागले. आणि फरशी? बायकोने ती पुसली, तर फेस आला. फेस जावा म्हणून पुन्हा पुसली, तर दुप्पट आला.

‘‘लेबलं कुठे आहेत?’’ तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

‘‘सुरक्षित आहेत,’’ जावईबापू म्हणाले. ‘‘फक्त रविवारपर्यंत थांब.’’

‘‘रविवारपर्यंत या घरात मी चालायचं की पोहायचं?’’

जावईबापूंच्या खिशात लेबलाची एक चिंधीएवढी पट्टी होती आणि छातीत मावत नव्हता एवढा आनंद.

रविवार उजाडला. जेवणं झाली. सासऱ्यांनी शिट्टी फुंकली. खुर्चीत रेललेल्या मेहुण्याने एक जाडजूड पुस्तक उघडलं आणि म्हणाला, ‘‘सायकोअ‍ॅनलाइझिंग. माणसाच्या मनाचा तळ शोधणं.’’

सासऱ्यांच्या रीतीप्रमाणे दर अक्षराला काडेपेटीतली एक काडी टेबलावर मांडली गेली. काड्या पंधरा झाल्या.

‘‘भाऊजी, स्टूल पुसून ठेवलंय ना?’’ मेहुणा म्हणाला.

जावईबापूंनी स्टुलावरून उठून पट्टी पुढे सरकवली. सासऱ्यांनी भिंग लावलं, एक श्वास घेतला, तो पुरला नाही म्हणून दुसरा घेतला, आणि वाचलं, ‘‘मेथिल... क्लोरो... आयसो... थाया... झोलिनोन!’’

काड्या मांडायला सुरुवात झाली. रांग टेबलाच्या कडेला पोचली, तिथून वळली, मेहुण्याच्या ताटाला वळसा घालून मिठापाशी थांबली. सत्तावीस! झेड, वाय, एच, सी, चारही जागच्या जागी.

‘‘हा शब्द आहे की भांडण?’’ मेहुणा ताडकन उठला. ‘‘बाबा, नियम! कुठे कामाला येतो ते सांगू दे त्यांना.’’

‘‘बरोबर आहे. जावईबापू, हे कशावरचं लेबल?’’

जावईबापूंनी पट्टी उलटी केली, सुलटी केली. नाव तर त्यांनी स्वतःच्या कात्रीने केरात घातलं होतं. शाम्पू? की फरशीचं? की भांड्यांचं? लग्नापासूनची स्टुलावरची सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोरून डुगडुगत गेली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भिजलेल्या चपलांनी दारात उभी होती, हातात पोछा होता. तिच्या चेहऱ्यावर दयेचा मागमूस नव्हता.

तिने पट्टी घेतली, डोळ्यांजवळ धरली.

‘‘शाम्पूचं,’’ ती म्हणाली.

‘‘ताई, तू त्यांची बाजू घेऊ नकोस!’’

‘‘बाजू कसली घेतेय? या ओळीवरचा चहाचा डाग माझ्या हातचा आहे. आणि त्याच शाम्पूने चार दिवस मी ही फरशी न्हाऊ घालतेय. खोटं वाटत असेल तर चालून बघ.’’

मेहुणा तावातावाने दाराकडे निघाला, दुसऱ्या पावलाला घसरला आणि सरकत सरकत थेट स्टुलावर जाऊन बसला.

सासऱ्यांनी लांबलचक शिट्टी फुंकली. ‘‘शाम्पू सिद्ध! जावईबापू विजयी!’’

जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खुर्चीवरचा रुमाल त्यांनी दोन बोटांत उचलून मालकाला परत केला. पण लगेच बसतील तर ते विजेते कसले! ‘‘मागच्या राजवटीची ऊब पुसल्याशिवाय आम्ही बसत नाही,’’ असं म्हणत ते फर्निचरचं पॉलिश घेऊन आले.

‘‘अहो, ती बाटली कसली आहे ते तरी...’’

‘‘पॉलिश! दुधासारखं पांढरं. लेबलांच्या माणसाला लेबल लागत नाही.’’

त्यांनी खुर्चीला सढळ हाताने दोन थर दिले आणि ऐसपैस बसले. काय तो वारा! काय तो रस्ता! वर्षानुवर्षं रहदारी चालू होती आणि त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी मेहुण्याला तो शब्द सात-आठ वेळा म्हणायला लावला आणि दर वेळी उच्चार सुधारला. तोवर बायको टेबलापाशी बसून, वास घेऊन घेऊन, एकेका बाटलीवर स्वतःच्या अक्षरात नवं लेबल लावत होती.

‘‘चहा झालाय, या,’’ ती म्हणाली.

जावईबापू उठले. म्हणजे, खुर्ची उठली. तिच्यासकट दोन पावलं टाकून ते पुन्हा बसले.

बायकोने पॉलिशच्या म्हणून आणलेल्या बाटलीचा वास घेतला. ‘‘सुताराचा गोंद,’’ ती शांतपणे म्हणाली.

सासऱ्यांनी उजवा हात धरला, मेहुण्याने डावा, आणि शिट्टीच्या तालावर दोघे त्यांना गदागदा हलवू लागले. पॅन्ट सुटेना. पण जावईबापूंच्या चेहऱ्यावरचं हसूही सुटेना. ‘‘ओढा, ओढा,’’ ते म्हणाले, ‘‘आता ही खुर्ची माझ्याकडून कोणाच्या बापाला घेता यायची नाही!’’

बायकोकडे एक लेबल उरलं होतं. तिने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं, त्यावर नीट अक्षरात काहीतरी लिहिलं आणि त्यांच्या कपाळावर चिकटवलं.

मेहुण्याने मोठ्याने वाचलं: ‘‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा.’’