जादू बेताची, पाणी मुबलक

शनिवारच्या खेळात जादू किती ठेवायची, हा प्रश्न साहेबांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकालात काढला. अगदी थोडी. माणशी एक मंत्र, तोही एका बैठकीत एकदाच. मग राक्षस अंगावर येवो, नाहीतर आभाळ कोसळो.

साहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले इंजिनिअर. (ज्युनिअर इंजिनिअर. पण 'ज्युनिअरसाहेब' असं कोणी म्हणत नाही, आणि साहेबांनीही कधी तसा आग्रह धरला नाही.) कुठल्या गल्लीला पाणी किती वेळ सोडायचं, हे ठरवण्यात त्यांची हयात चालली होती. त्यामुळे जगातली कुठलीही चांगली गोष्ट मोजूनमापूनच सोडावी, एरवी लोक तिची नासाडी करतात, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती.

खेळ तसा सोपा. टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार होतो आणि किल्ले, दऱ्या, राक्षस असलं एक जग रचतो. बाकीचे त्या जगात कोणी वीर, कोणी चोर होऊन शिरतात. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधाराची खुर्ची अर्थातच साहेबांची. ऑफिसात त्यांच्या डोक्यावर साहेबांचे साहेब बसलेले होते, घरात बायकोपुढे फार बोलायची सोय नव्हती, तेव्हा आपला शब्द शेवटचा ठरतो अशी पृथ्वीतलावर त्यांना ही एवढीच जागा होती. ती जीव टाकून सांभाळावी यात नवल नाही.

खेळाडू तीन. बायको दातांची डॉक्टर, खेळात तलवारबाज. (दिवसभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगावं लागतं, त्याची भरपाई ती शनिवारी करायची.) खालच्या मजल्यावरचे टेलरकाका खेळात वैद्य, जखमी वीरांना टाके घालायचं काम त्यांनी आपण होऊन मागून घेतलं होतं. आणि तिसऱ्या सासूबाई. निवृत्त गणितशिक्षिका. खेळात चेटकीण.

दुखणं होतं ते या चेटकिणीचं. मागच्या मोहिमेत साहेबांनी सढळ हातानं जादू सोडली होती. पळवून नेलेल्या राजपुत्रासाठी त्यांनी अख्खा पावसाळा खपून एक किल्ला रचला होता. सात दरवाजे, खंदक, खंदकात मगरी, मगरींना नावंसुद्धा. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी पहारेकऱ्यांना झोपवलं, भिंत पारदर्शक केली, उडत आत गेल्या आणि राजपुत्राला काखेत मारून परत आल्या. मगरींना कोणी बघितलंही नाही. काकांनी तर मेलेल्यांना इतक्यांदा उठवलं की मरण म्हणजे दुपारची वामकुक्षी होऊन बसली.

"जादू म्हणजे पाण्याचं प्रेशर, आई," साहेबांनी नवा नियम समजावून सांगितला. "जास्त सोडलं की पाइप फुटतात."

"आणि कमी सोडलं की वरच्या मजल्यावर चढत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याच खात्याचा अनुभव आहे, जावईबापू."

"एकदा खेळून तर बघा."

"बघू की. या शनिवारी तुमच्या मापानं खेळू. तुमच्या खेळात मजा आली तर खुर्ची तुमची. नाही आली तर पुढच्या शनिवारपासून त्या खुर्चीत मी."

"मंजूर," टेलरकाका म्हणाले. मग साहेबांचा चेहरा बघून त्यांनी मान खाली घातली.

साहेब डगमगले नाहीत. जादू कमी तर वातावरण जास्त, असा त्यांनी हिशोब बांधला. राज्य कोरडं पडलंय, डोंगराच्या पोटात एक प्राचीन धरण आहे, आणि त्याचं दार एका चक्रानंच उघडतं, अशी कथा रचली. ("तुझ्या राज्यात राक्षसांपेक्षा व्हॉल्व्ह जास्त असतात," असं बायको नेहमी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.) गुहेत पाणी ठिबकल्याचा आवाज फोनवर शोधून ठेवला, तो वाजवायला एक छोटा स्पीकर पडद्यामागे लपवला. राहता राहिलं चक्र. ते कागदाचं करणं साहेबांच्या जिवावर आलं. घरभर फिरल्यावर स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत त्यांना हवं ते सापडलं. घराच्या मेन व्हॉल्व्हचं लोखंडी चाक. एक नट सोडवला की हातात. वर थोडं तपकिरी बूटपॉलिश चोळल्यावर ते हजार वर्षांचं दिसायला लागलं. एवढ्या एका संध्याकाळी मेन व्हॉल्व्ह बंद करायची वेळ कशाला येईल, असा विचार त्यांनी केला. इंजिनिअरचा विचार होता तो, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

त्याच शनिवारी सकाळी बायको म्हणाली होती, "अरे, वॉशिंग मशीनचा पाइप नळापाशी ठिबकतोय. प्लंबरला फोन करू?"

"घरात पाण्याचा इंजिनिअर असताना प्लंबर? उद्या तू दात काढायला दुसऱ्या डॉक्टरकडे जाशील."

"दुसऱ्याकडेच जाईन. स्वतःचे दात स्वतःला काढता येत नाहीत."

या बोलण्याकडे साहेबांनी दुर्लक्ष केलं. सांध्याला टेप गुंडाळली, प्लास्टिकचा नट आवळला, आणि मनाच्या समाधानासाठी वर आणखी अर्धा आटा दिला. नट तेव्हा बारीकसा कुरकुरला. पण साहेबांकडे रोज इतके लोक कुरकुरत येत की त्यांनी ते ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं.

संध्याकाळी खेळ असा रंगला की बस. एकच मंत्र हाताशी असल्यामुळे सासूबाई कधी नव्हे त्या विचारात पडल्या. दरीपाशी त्यांनी तो वापरायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नको. पुढे लागेल." शेवटी काकांनी आपल्या वैद्याच्या झग्याचा दोर करायचं ठरवलं, झग्याला कापड किती लागलं असेल ते बोटांवर मोजून सांगितलं, आणि सगळे त्या दोरानं पलीकडे गेले. बायकोनं पहारेकऱ्याच्या कानाखाली जाळ काढला. दोन तास झाले तरी सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं नव्हतं, आणि चक्र जिंकल्यावर तर त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं. खुर्ची वाचली, हे साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांच्या आवाजाला धार चढली.

"साहेब, पाण्याचा आवाज काय खरा लावलाय हो," काका म्हणाले.

"बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं," साहेब विनयानं म्हणाले.

"मघाशी ठिबकत होतं, आता वाहतंय."

"धरण जवळ येतंय ना."

(स्पीकर केव्हाच बंद पडला होता. बारीकसारीक गोष्टींत त्याला चार्ज करणं येत होतं, तेवढं राहिलं.)

"चक्र दाराला बसलंय," साहेब सांगू लागले. "पण ते फिरवायला फासा पंधराच्या वर पडायला हवा. नाही पडला तर आपण इथेच बुडालो. गुहेत घोट्यापर्यंत पाणी चढलंय. पाय गारठलेत."

"खरंच गारठले हो," काका कौतुकानं म्हणाले.

"माझे मोजेसुद्धा ओले वाटायला लागले," बायको म्हणाली.

सासूबाईंनी पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली. "मानलं, जावईबापू. इतकं डोळ्यांपुढे उभं करता येत असेल तर जादू हवी कशाला?"

या वाक्यासाठी साहेब लग्नाच्या दिवसापासून थांबले होते. त्यांनी मागे टेकून डोळे मिटले. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकूंचा होता. काकांनी तो शांतपणे ऐकला आणि खाली ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "वातावरण आमच्या हॉलपर्यंत पोचलंय."

साहेब स्वयंपाकघराकडे धावले. मशीनचा पाइप नळापासून सुटून अंगात आल्यासारखा नाचत होता, आणि पाणी अशा जोरानं येत होतं की तेवढं प्रेशर साहेबांनी आजवर कुठल्याच गल्लीला दिलं नव्हतं.

"कोणी घाबरू नका," ते म्हणाले. "मेन व्हॉल्व्ह दोन पावलांवर आहे."

मेन व्हॉल्व्ह होताच. त्याला चाक नव्हतं. चाकाच्या जागी बोटभर लांबीचा गुळगुळीत दांडा होता. साहेबांनी तो आधी बोटांनी फिरवून बघितला, मग रुमालानं, मग नुसत्या निर्धारानं. दांडा हलला नाही.

"चाक," ते ओरडले. "आई, चाक आणा."

सासूबाई चष्मा सावरत, पाण्यातून जपून पावलं टाकत आल्या. दारात थांबल्या. चाक त्यांच्या हातातच होतं.

"आधी फासा टाकायचा का?" त्यांनी विचारलं. "पंधराच्या वर पडला तरच फिरतं, असं तुम्ही आत्ताच सांगितलंत."

"आई, फासा राहू द्या."

"नियम सगळ्यांना सारखे असावेत म्हणून विचारलं." एवढं बोलून त्यांनी साहेबांना कोपरानं बाजूला सारलं, चाक दांड्यावर बसवलं आणि हिशोबात बेरीज लिहावी तितक्या सहज फिरवलं. पाणी थांबलं. "माझा मंत्र वापरला असं धरा," त्या म्हणाल्या.

मग बादल्या, फडकी आणि काकूंची क्षमा मागणं झालं. बायकोनं पोछा साहेबांच्या हातात दिला आणि दवाखान्यातल्या गोड आवाजात म्हणाली, "आता मी प्लंबरला बोलावतेय हं. अजिबात दुखणार नाही."

सगळं पुसून झाल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. "जादू कमीच असावी, हे मला पटलं. एकच मंत्र असला की तो वापरवत नाही, आणि गंमत त्यातच आहे. इथून पुढे हाच नियम."

साहेबांची छाती फुगली. "म्हणजे खुर्ची..."

"खुर्ची माझी."

"पण मजा आली तर ती माझी, असं ठरलं होतं."

"तुमच्या खेळात मजा आली तर, असं ठरलं होतं. दोरापर्यंत ठीक होतं. खरी मजा आली ती पाण्याची, आणि ते तुमच्या खेळातलं नव्हतं. स्वयंपाकघरातून आलं."

"मंजूर," टेलरकाका म्हणाले. या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही. पाणी त्यांच्याच हॉलमध्ये गळलं होतं, त्यांना तो हक्क होता.

साहेबांना मनापासून वाईट वाटलं. भांडण जिंकून खुर्ची गमावणारा माणूस त्यांनी खात्यात पुष्कळदा बघितला होता, पण तो दर वेळी दुसरा कोणीतरी असायचा.

पुढच्या शनिवारी खेळ काकांकडे बसला, कारण वरच्या टेबलाचे पाय फुगले होते. सूत्रधाराची खुर्ची जिन्यावरून साहेबांनीच खाली आणली. सासूबाई तीत ऐसपैस बसल्या आणि काकांची लाकडी मोजपट्टी घेऊन त्यांनी छताकडे रोखली. छतावर ओलीचा भलामोठा डाग पडला होता. पिवळसर, कडेनं तपकिरी, मधे एक आखात आणि पंख्याजवळ दोन बेटं.

"हे आपलं नवं राज्य," त्या म्हणाल्या. "नकाशा आयता मिळालाय. जावईबापू, तुम्ही कोण होणार?"

"जादूगार," साहेब म्हणाले. त्यांचा आत्मविश्वास एव्हाना जागेवर आला होता. "आणि नदी त्या डाव्या कडेनं न्या. पाणी कसं वाहतं ते माझ्याइतकं इथे कोणाला कळत नाही."

टेलरकाका मान वर करून बराच वेळ राज्याचं माप घेत होते.

"राज्य झकास आहे," ते शेवटी म्हणाले. "फक्त उत्तरेला समुद्र जरा अपुरा पडतोय. साहेब, या आठवड्यात मशीनचा पाइप पुन्हा एकदा तुम्हीच बघता का?"