शुक्रवारची आफुआ, शनिवारची आमा

कागदपत्रांचं काम माझ्यावर सोडा आणि निर्धास्त राहा! असं मी घरादाराला छाती ठोकून सांगितलं होतं. एकतीस वर्षं इकडे आफ्रिकेत, कुमासीत हेडमास्तर होतो मी. माझ्या हजेरीपटात एक खाडाखोड दाखवा, मिशी उतरवून देईन!

काम भाचीचं होतं. पोरगी ॲमस्टरडॅमला जन्मली, तिथेच वाढली. शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पळते. पासपोर्ट दोन, देश दोन. आधी डच लोकांसाठी पळायची, मग म्हणाली, आता आईच्या देशासाठी. पण देश बदलायचा तर नियम असा, की तीन वर्षं कुठल्याच देशाकडून पळायचं नाही! तीन वर्षं बिचारीने नुसता सराव केला. ती एकदाची संपली आणि कुमासीत निवड चाचणी लागली. पहिली येईल ती आफ्रिकेच्या स्पर्धेला जाणार, आणि नावांची यादी त्याच दिवशी चार वाजता बंद होणार.

आता भांडणाचं मूळ ऐका. आमच्यात पोराचं पहिलं नाव आईबाप ठेवत नाहीत, वार ठेवतो. बुधवारी जन्मलेला मुलगा क्वाकू, म्हणजे मी. शुक्रवारची मुलगी आफुआ, शनिवारची आमा. आणि ही कार्टी जन्मली कधी? रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी! तिकडे शनिवार लागला होता, पण आपलं घड्याळ तासभर मागे. इथे अजून शुक्रवारच! मी फोनवर ओरडलो, "आफुआ!" बहीण अकोसुआ तिकडून ओरडली, "आमा!" बावीस वर्षं झाली, दोघंही ओरडतोच आहोत. डच पासपोर्टावर तिने आमा लिहिलं. इकडचा पासपोर्ट मी काढला. मी काय गप्प बसणार? नाव आफुआ लिहिलं आणि तारीखही शुक्रवारचीच ठोकली!

चाचणीच्या सकाळी आम्ही छातीवरचा नंबर घ्यायला टेबलाशी गेलो. निवड समितीचे लार्टे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "दुसरी कुठाय?"

"दुसरी कोण?" भाचीने विचारलं.

"तुझी जुळी बहीण! आफुआ सेरवा आणि आमा सेरवा. आई एक, बाप एक. एक बाराच्या आधीची, एक बारानंतरची. एवढं कळत नाही होय मला?"

झालं होतं असं, की तिच्या प्रशिक्षकाने डच कागदांवरून आमाचा अर्ज पाठवला होता आणि मी, कुणाला न विचारता, आफुआचा! समितीने आमाला धावायला तिसरी पट्टी दिली, आफुआला सहावी.

"अहो साहेब, ही एकच आहे!" मी ओरडलो.

"पासपोर्ट दोन, तारखा दोन, आणि मुलगी एक? हेडमास्तर, मला गणित शिकवू नका!"

तेवढ्यात भोंग्यावरून घोषणा झाली, "आज आपल्या मैदानात जुळ्या बहिणी!" टाळ्यांचा कडकडाट! एक बाई तर धावत सुटली आणि कुस्करलेला याम कंद नि वर दोन उकडलेली अंडी घेऊन आली. आमच्यात जुळ्यांना हा खाऊ घालायचाच असतो ना!

"मामा," भाची दात खात म्हणाली, "शर्यतीला दहा मिनिटं आहेत. मी अंडी खाऊ की तुला?"

फोनवर अकोसुआ किंचाळत होती, "आमाचा नंबर घे गं!" माझं डोकंच सणकलं. मी आफुआचा नंबर उचलला आणि खटाखट पिना टोचल्या. आता बोंबल तिकडे!

पोरगी पळाली ती रागातच. दहाच्या दहा अडथळे तेरा सेकंदांत पार! मी नाचलो, शेजारच्याची टोपी उडवली. भोंगा बोलला, "पहिली, आफुआ सेरवा! आमा सेरवा, गैरहजर!"

"ऐकलंस?" मी फोनमध्ये ओरडलो. "आफुआ!"

लार्टे साहेबांनी मात्र कागद पुढे सरकवला. "देश बदलायची परवानगी आमाच्या नावाने आहे. तीन वर्षं थांबली ती आमा. जिंकली ती आफुआ. आफुआला परवानगी नाही आणि आमा पळालीच नाही. दुसरी आलेली मुलगी जाईल."



"उपाय?" भाचीने विचारलं.

"दोघी एकच आहेत आणि खरा वार कोणता, हे ज्याने चुकीची तारीख लिहिली त्याने कोर्टात शपथेवर लिहून द्यावं. चारच्या आत."

भाची माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते संतापाचं. "दहा अडथळे मी पार केले, मामा. अकरावा माझ्याच घरातून निघाला! तुझ्या एका तासाच्या हट्टापायी माझी तीन वर्षं गेली, तर पुन्हा मला ना आफुआ म्हण, ना आमा!"

मी तडक कोर्ट गाठलं. शपथपत्रवाल्या क्वेनॉर बाई टाइप करू लागल्या. फोन चालूच होता, बहिणीला माझी शरणागती ऐकायची होती ना!

"मी, क्वाकू ड्वोमो, शपथेवर सांगतो, की मुलगी शनिवारी जन्मली. शुक्रवार ही माझी चूक." एकेक शब्द एरंडेलासारखा गिळला!

"ओळखपत्र?" बाईंनी ते उलटंपालटं केलं, मग काचेखालचं वारांचं कोष्टक बोटाने चाळलं. "सव्वीस मे एकोणीसशे पंचावन्न. अहो, हा तर गुरुवार!"

"छे! आई म्हणायची बुधवार!"

"तारखेप्रमाणे तुम्ही क्वाकू नाहीच. गुरुवारचा मुलगा म्हणजे याव!"

फोनमधून जे हसू फुटलं, ते ॲमस्टरडॅमहून फोनशिवायही ऐकू आलं असतं. "या, याव दादा, या!" भाचीसुद्धा हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

चारला दहा मिनिटं असताना कागद टेबलावर पडला. लार्टे साहेबांनी यादीत आमा सेरवा लिहिलं. मग विचारलं, "आणि आफुआचं काय लिहू?"

"ती जन्मलीच नाही," मी म्हणालो.

तर माझ्या हजेरीपटात आजही तुम्हाला खाडाखोड सापडणार नाही. फक्त एकतीस वर्षं खाली सही करणारा माणूस त्या नावाचा नव्हता, एवढंच! मिशीचं तेवढं विचारू नका.