गुरुजींच्या घरचा गोल्डफिश

"हा मासा महिनाभर धडधाकट ठेवून दाखव, मग कुत्रा आणू," असं वेणीमाधव गुरुजी लेकीला म्हणाले, तेव्हा कुत्रा आणायचा त्यांचा सुतराम विचार नव्हता. पंचवटीत पिढ्यान्‌पिढ्या यजमानांची श्राद्धं करणारं सोवळ्याचं घर, तिथे कुत्रा? शेजारच्या बंटीचा गोल्डफिश आठवड्याच्या आत उताणा झालेला त्यांनी पाहिला होता. हाही होईल आणि विषय संपेल, असा त्यांचा अंदाज होता.

पण स्वरदा बापासारखीच चिवट. तिने मोठी टाकी आणली, नळाचं पाणी बादल्यांत दिवसभर उघडं ठेवून मग भरलं, हवेचा पंप लावला. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. "नवीन टाकी आहे बाबा. जास्त घातलं तर उरलेलं कुजतं आणि मासा आजारी पडतो," तिने बजावलं. मासा मजेत फिरत होता. गुरुजींना त्याचं आरोग्य बघवेना.

मारणं पाप, पण खायला घालणं तर पुण्य! स्वरदा कॉलेजला गेली की गुरुजी घरी उतरलेल्या यजमानांना टाकीपाशी नेऊ लागले. "घाला, घाला. माशाला घातलेलं थेट पोचतं."

अशात देवळ्याचा कांदेवाला सावळीराम वडिलांच्या वर्षश्राद्धाला आला. रामकुंडावर कावळा काही पिंडाला शिवेना. सावळीरामने बापाला बहिणीचं माहेरपण कबूल केलं, भावाशी समेट कबूल केला. कावळा ढिम्म. शेवटी तो उडाला आणि भेळेच्या गाडीवर जाऊन बसला.

सावळीराम घरी परतला तो सुतकी चेहऱ्याने. त्याची बायको धोंडाबाई टाकीपाशी टेकली आणि गुरुजींनी सांगून ठेवलं होतं म्हणून तिने भाताचं शीत पाण्यात टाकलं. माशाने ते गट्ट केलं.

"अवं, मामंजींनी खाल्लं!" ती किंचाळली आणि तिने डोक्यावर पदर ओढला.

तो काय वाटेल ते खातो, असं सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं होतं. एवढ्यात सावळीरामने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि वर दक्षिणाही ठेवली. गुरुजींनी तोंड मिटलं.

बातमी देवळ्यात पोचली आणि जीप भरभरून लोक येऊ लागले. उन्हात उभं राहून कावळ्याचे नखरे कोण सोसणार? मासा तर कुणालाच नाही म्हणत नव्हता. कुणाचा आजा, कुणाची आत्या, कुणाची पहिली बायको, सगळे त्या एकाच तोंडाने जेवू लागले.

व्हायचं तेच झालं. टाकीचं ताक झालं आणि मासा कोपऱ्यात तिरका होऊन पडला. अख्ख्या तालुक्याचे पितर त्या टाकीत, आणि उद्या पुन्हा जीप यायची होती!

"स्वरदे, काहीतरी कर गं!"

"पाण्यात भात कुठून आला, बाबा?"

"भाविक लोक असतात..."

"बाबा!"

तिने तळातला गाळ काढला, थोडं पाणी बदललं. "रोज असंच करायचं. आणि आता एक शीतही नाही." गुरुजी स्वतः बादल्या भरू लागले. ज्याच्या मरणाची वाट पाहिली, त्याच्यासाठी त्यांनी देव पाण्यात ठेवले. सकाळी मासा सरळ झालेला पाहून त्यांना खरोखर भरून आलं.

तेवढ्यात जीप आली. जिन्यात रांग लागली, पुढे सावळीराम आणि धोंडाबाई.

"आज जमणार नाही," टाकीच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून गुरुजी म्हणाले. "आज एकादशी धरलीय त्यांनी."

"बानं? जित्ता व्हता तवा एकादशीला अंडी खायचा!"

"मेल्यावर सुधारतात काही जण."

धोंडाबाईने पिशवीतून डबा काढला. "मंग शाबुदान्याची खिचडी चालंल की. वाटंला आनलीच हाय."

"निर्जळी आहे!" गुरुजी ओरडले.

दोघांनी टाकीकडे पाहिलं. आत निर्जळी करणारा आरामात बुडबुडे सोडत होता.

"त्यो उपास नाय, गुरुजी. बा रुसलाय," सावळीराम हळूच म्हणाला. "माज्याच ध्यानात नाय आलं. बा कवा कुत्र्याबिगर जेवायला बसला नाय. पयला घास मोत्याचा, मंग त्याचा. मोत्याचं पिल्लू हाय घरी. फुडच्या खेपंला आनून सोडतो हितं."

"कुत्रा? इथे?"

"मंग काय मामंजींनी उपाशी ऱ्हायचं?" धोंडाबाईचे डोळे भरले. जिन्यातल्या रांगेनेही माना हलवल्या.

गुरुजींनी लेकीकडे पाहिलं. ती शांतपणे काच पुसत होती.

"नको म्हणा ना, बाबा," स्वरदा म्हणाली. "सांगा त्यांना, हा नुसता मासा आहे."

गुरुजींनी एकदा माशाकडे पाहिलं आणि एकदा रांगेकडे. रांग खालच्या मजल्यापर्यंत गेली होती.

"लहानसं बघून आणा," ते म्हणाले.