चोत्तो म्हणजे छोटं

आमच्या इमारतीत ज्या वस्तूला थंडी वाजत नाही हे विजूमावशींना पटवून देता आलेलं नाही, त्या प्रत्येक वस्तूच्या अंगात स्वेटर आहे. माझ्या सायकलच्या सीटला आहे. आमच्या दाराच्या मुठीला आहे, पोपटी रंगाचा, त्यामुळे स्वेटर हातात नुसता गोल फिरतो आणि दार उघडत नाही. मावशींच्या घरी टीव्हीच्या रिमोटलाही आहे, बटणांच्या जागी भोकं ठेवून विणलेला. त्यातलं एक भोक चुकलंय. तेव्हापासून त्यांच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवता येतो, कमी करता येत नाही.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. आमच्या शेजारच्या निखिल सुर्वेच्या त्या आई. निखिल माझ्यासारखाच आयटीतला, पुण्याच्या कंपनीतून इथे जपानात, टोकियोजवळच्या उरायासूला आलेला. चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी इमारत. आम्ही दोघे तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर. काका गेल्यावर निखिल आईला घेऊन आला, त्याला आता चार वर्षं झाली. येताना मावशींच्या बॅगेत दोन पातळं आणि अकरा किलो लोकर होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि पुन्हा बंद करायला त्याला दोन माणसं बोलवावी लागली, असं निखिल सांगतो.

साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मावशींनी तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली. ट्रंक कॉल जोडून द्यायचे. त्या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या: समोरच्याच्या कानात शिरणारा आवाज आणि एक वाक्य. "लाइन सोडू नका!" बेल वाजवली की आतून हेच ऐकू येतं, आणि मी दाराबाहेर खरोखरच फोन धरल्यासारखा उभा राहतो. विणतानाही तेच. ओळ पूर्ण झाल्याशिवाय त्या कोणाशी बोलत नाहीत. निखिलने एकदा प्रमोशन मिळाल्याची बातमी ओळीच्या मध्यात सांगितली, तर हाताने थांब म्हणाल्या, उरलेले टाके संपवले, सुई खाली ठेवली आणि मग रडल्या.

मी स्वतः नियमाने चालणारा माणूस आहे. नऊ वर्षं जपानात राहून मी बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली वेगळी टाकतो आणि तरी कचऱ्याच्या दिवशी मला धडधडतं. मावशींना याची फार गंमत वाटते. "नाव अभय ठेवलंय आईबापांनी," त्या म्हणतात, "आणि घाबरतोस बाटलीला."

आमच्या वर, चौथ्या मजल्यावर, ओनो-सान नावाच्या आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांचा कुत्राही तितकाच म्हातारा. त्याचं नाव मामे, म्हणजे शेंगदाण्यासारखा एखादा दाणा. मावशींनी पहिल्याच दिवशी त्याचा 'मामा' केला. मामाला आजवर सात स्वेटर झाले. एकाला कॉलर आहे, एकाला खिसा. कुत्रा खिशात काय ठेवणार, असं मी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "ते त्याचं तो बघेल."

मामाला जिने चढवत नाहीत. ओनो-सान त्याला एका काखेत धरतात आणि दुसऱ्या हाताने जिन्याचा लोखंडी कठडा धरून पायरी पायरी उतरतात. गेल्या जानेवारीत ते थांबलं. त्यांच्या बोटांची सांधेदुखी वाढली होती, गार लोखंड धरवत नव्हतं, आणि हातमोजे घातले की पकड निसटायची. पंधरा दिवस त्या खाली उतरल्या नाहीत. मी दूध पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्सुकुबाला राहणारी मुलगी म्हणतेय, जिने जमत नसतील तर आता माझ्याकडेच ये. मुलीच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. मामाचं काय करायचं ते मार्चपर्यंत ठरवायचं होतं.

हे मी मावशींना सांगितलं. ही माझी चूक, किंवा आयुष्यात मी केलेलं एकमेव धाडस.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तर तळमजल्यापासून पहिल्या वळणापर्यंत कठड्याने राणी रंगाचा पायजमा घातला होता.

आमच्या इमारतीचा रंग काय आहे हे कोणाला विचारलं तर आठवणार नाही, इतका तो सभ्य आहे. त्यावर राणी कलर! कुबो-सान, आमचे केअरटेकर, हातात झाडू घेऊन त्याच्यासमोर उभे होते. अत्यंत सौम्य माणूस. मला बघून ते मान तिरकी करून म्हणाले, "कोरे वा… चोत्तो…"

आता हे सांगायला हवं. जपानी माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तो 'चोत्तो' म्हणतो. चोत्तो म्हणजे 'जरा', 'थोडं'. एवढं म्हणून तो वाक्य तिथेच सोडतो आणि दातांमधून हवा आत ओढतो. उरलेलं आपण समजून घ्यायचं. 'हे जरा…' म्हणजे हे अजिबात चालणार नाही, कृपया आत्ताच्या आत्ता काढा.

मावशी माझ्या मागेच उभ्या होत्या. "छोटं म्हणतोय का?" त्या म्हणाल्या. "मलाही वाटलंच होतं. करते मोठं."

"मावशी, ते नाही म्हणतायत."

"नाही कुठे म्हणाला? छोटं म्हणाला. मी ऐकलं ना. तीस वर्षं कानांवर पोट भरलंय मी."

दुपारी कुबो-साननी तो पायजमा काढला, घडी घातली आणि पारदर्शक पिशवीत घालून मावशींच्या दाराला अडकवला. "बघ, मापाला परत पाठवलाय," मावशी म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्या पहिल्या विणीत खोट होती. मावशींनी तो मोकळ्या खांबाने, म्हणजे उंच, सैल टाक्यांनी विणला होता, त्यामुळे हाताखाली तो कठड्याभोवती फिरायचा. हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दुसरा त्यांनी मुक्या खांबाने विणला. ही क्रोशाची सगळ्यात बुटकी आणि घट्ट वीण. दर वीतभर अंतरावर कठड्याच्या गजांभोवती टाके घालून तो आवळला. मी हात लावून पाहिला. जागचा हलत नव्हता आणि हाताला उबदार लागत होता. तो दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता.

"चोत्तो…" कुबो-सान म्हणाले. या वेळी हवा जास्त वेळ आत ओढली.

"अजून छोटंच!" मावशी खूश झाल्या. "माणूस चोखंदळ आहे."

तिसरा चौथ्या मजल्यापर्यंत गेला. उरलेल्या लोकरीतून त्यांनी कुबो-सानच्या झाडूच्या दांड्यालाही एक विणून टाकला. तो मात्र कुबो-साननी परत केला नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

ज्या दिवशी तिसरा लागला, त्या दिवशी ओनो-सान मामाला घेऊन खाली उतरल्या. चारही मजले. खाली पोचल्यावर कठड्याकडे वळून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. कठड्याला! मावशींनी तिसऱ्या मजल्यावरून वाकून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बघितलंस? आता हे काढायला कोण येतो ते मी बघतेच."

आलं ते पत्र. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं. इमारतीचं बाह्य स्वरूप, आगीचा धोका आणि 'इतर रहिवाशांनीही असं सुरू केल्यास' अशी तीन कारणं होती. रविवारी सकाळी रहिवाशांच्या सभेत विषय घेतला जाईल, आणि दुभाषा म्हणून माझी उपस्थिती अपेक्षित आहे, असंही होतं. निखिल त्या आठवड्यात कोबेला होता, सूनबाईंची रविवारची शिफ्ट होती. मी मावशींच्या विनवण्या केल्या. माफी मागू, काढून टाकू, ओनो-सानना दुसरं काहीतरी करू.

"दुसरं काय?" मावशींनी विचारलं.

सभेला पंधराएक माणसं होती. सगळ्यांच्या पुढ्यात चहाची एकेक बाटली, कोणीच उघडलेली नाही. ओनो-सान मामाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. मामाने कॉलरचा स्वेटर घातला होता. एकेक जण उठून बोलला. कल्पना फारच सुंदर आहे, भावना पोचल्या, रंगही उत्साही आहे, पण चोत्तो… प्रत्येकाचं वाक्य तिथेच येऊन थांबत होतं. शेवटी कुबो-सान उठले आणि त्यांचंही तसंच झालं.

मावशी उभ्या राहिल्या. "सांग त्यांना," म्हणाल्या, "कठडा गार पडतो. लोखंड हाताला चावतं. म्हातारी माणसं त्यावर जातात-येतात, हे यांच्या डोक्यात यायला नको होतं का?"

मी उठलो, वाकलो आणि म्हणालो, की झालेल्या त्रासाबद्दल सुर्वे-सानना मनापासून खेद आहे, त्यांना इथल्या पद्धतींची पुरेशी कल्पना नव्हती…

"थांब." मावशींचा आवाज ट्रंक कॉलवरचा झाला. "तू का वाकलास?"

"मावशी, इथे असंच…"

"मी माफी मागितली नव्हती. अभय, ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं. जोडून द्यायचं आणि गप्प बसायचं. जोडून दे."

मी ताठ उभा राहिलो, आणि या वेळी न वाकता, त्या बोलतील ते वाक्य वाक्य करून सांगत गेलो.

"रंग आवडत नसेल तर रंग बदलते. आगीची भीती असेल तर प्रत्येक मजल्यावर पाण्याची बादली ठेवते, रोज मी भरेन. उद्या दुसऱ्या कोणी असं सुरू केलं तर आनंदच आहे, मी शिकवीन. पण ओनोबाई एका हातात कुत्रा धरतात. दुसऱ्या हाताने काय धरायचं ते सांगा. आणि ते 'जरा, जरा' म्हणून वाक्य अर्धवट टाकू नका…"

मी भाषांतर करता करता थांबलो. 'जरा' म्हणाल्या होत्या त्या. छोटं नव्हे.

"लाइन सोडू नको," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "नाही म्हणायचं असेल तर ओनोबाईंकडे तोंड करा आणि अख्खं 'नाही' म्हणा. मी आज दुपारीच उसवून टाकते."

मी ते जसंच्या तसं जोडून दिलं. नऊ वर्षांत इतकं उद्धट जपानी मी बोललो नव्हतो, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला अंगात बळ आल्यासारखं वाटलं.

ओनो-सानकडे कोणीच तोंड केलं नाही. खोलीत मामाचा घोरण्याचा आवाज येत होता. सभेच्या अध्यक्षांनी आपली चहाची बाटली उघडली, एक घोट घेतला, आणि म्हणाले, की हिवाळ्यात घसरू नये म्हणून केलेली तात्पुरती सोय, अशी नोंद करता येईल. दरवर्षी मार्चअखेर काढायची, नोव्हेंबरात लावायची. कुबो-सान इतक्या घाईने लिहून घेऊ लागले, की कोणी मत बदलायच्या आत त्यांना ते कागदावर हवं होतं हे दिसलंच.

परत जिना चढताना मी विचारलं, "मावशी, तुम्हाला चोत्तो माहीत होतं?"

"इराने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं." इरा त्यांची नात, नऊ वर्षांची. आजीने मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. "आजी, चल बागेत जाऊ म्हटलं की म्हणते, चोत्तो. गोष्ट सांगू का म्हटलं की चोत्तो. मला नाही कळणार होय?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या दम खायला थांबल्या. कठड्यावरून हात फिरवला. "पहिल्या हिवाळ्यात इथेच बसले होते मी. भाजी घेऊन येत होते, बोटं अशी गारठली की पिशवी सुटली. घरात कोणी नव्हतं, फोन वर राहिलेला. आयुष्यभर जगाचे फोन जोडून दिले, आणि मला लावायला एक नंबर नव्हता. ओनोबाई खाली उतरत होत्या. काही बोलल्या नाहीत. शेजारी बसल्या आणि माझे दोन्ही हात त्यांच्या हातांत घेऊन चोळत राहिल्या. इथली माणसं हात लावत नाहीत ना रे एकमेकांना? आणि आपल्या घरातली कामात. तोपर्यंत मला इथे येऊन चार महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत माझा हात धरणाऱ्या त्या पहिल्या."

समोर राहून माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली लोकरीची पिशवी घेतली, आणि त्या पुन्हा चढू लागल्या.

सोमवारी सकाळी खाली उतरलो तर कुबो-सान मोजपट्टी घेऊन कठड्याच्या टोकाशी ओणवे बसले होते. शेवटची वीतभर जागा उघडी राहिली होती. मला बघून ते म्हणाले, "चोत्तो… मिजिकाई देसु ने." वाक्य पूर्ण केलं त्यांनी. जरा आखूड आहे.

मी जिन्यातून ओरडलो, "मावशी! कुबो-सान म्हणतात, छोटं आहे!"

"मी काय सांगत होते!" वरून आवाज आला. "लाइन सोडू नको, येतेय!"

त्या आल्या, पण हळूहळू. मामा मावशींच्या काखेत होता. ओनो-सानचा एक हात कठड्याच्या राणी रंगावर होता आणि दुसरा मावशींच्या हातात. दोघी खालच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. कुबो-साननी उघडी जागा दाखवली. मावशींनी बघितली, मान हलवली. सुई आणि लोकर वरच राहिली होती. चार वर्षांत त्यांना मी सुईशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो.

"मावशी, मामाला आणि ओनो-सानना मी धरतो," मी म्हणालो. "तुम्ही वरून सुई घेऊन येता का?"

मावशींनी ओनो-सानच्या हाताकडे पाहिलं, मग मान जरा तिरकी केली.

"चोत्तो…" त्या म्हणाल्या, आणि हात धरून तशाच उभ्या राहिल्या.