वाजेल ते आत

ढोलाचं कातडं फाटलं ते नेमकं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. ढोलवाल्यानं फाटकं कातडं उतरवलं, नुसतं लाकडी खोड खांद्यावर मारलं आणि बस-स्टँड गाठला. मढवणारा कारागीर बसनं तासाभराच्या वाटेवर. आज मढवून मिळालं तर ठीक, नाहीतर उद्या शाळेच्या मैदानात वाजवायला त्याच्या धाकट्या भावाला बोलावणार होते. दोघंही ढोलवाले, आणि दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नव्हतं, पण तेवढ्यासाठी कुणी माघार घेतं होय.

वर आभाळ काळंकुट्ट. खोड भिजलं की फुगतं, आणि फुगलेल्या लाकडावर कातड्याचं कडं काही केल्या चढत नाही. म्हणजे ढोल कोरडा पोचायलाच हवा होता.

ढोलवाला तसा निवांत होता, कारण बसच्या दाराशी त्याच दिवशी नवी पाटी लागली होती : 'वाद्ये टपावर ठेवू नयेत, प्रवाशांनी सोबत आत न्यावीत. बाकी सर्व टपावर.' कुणा बड्या वादकाची सतार टपावरून पडली असणार, त्याशिवाय कंपनीला असलं काही सुचत नाही. पाटीखाली कंडक्टर उभा. नियम नवा, त्यामुळे छाती दोन बोटं पुढे.

रांगेत पहिला पिंपवाला. रिकामं पत्र्याचं पिंप घेऊन चढायला लागला.

"पिंप वर," कंडक्टर म्हणाला.

"वर भिजेल. गंजेल."

"वाद्य असेल तरच आत."

पिंपवाल्यानं पिंप खाली ठेवलं आणि त्यावर दोन्ही हातांनी असा काही ठेका धरला, की रांगेतली माणसं माना डोलवायला लागली. कंडक्टरनं पाटी पुन्हा वाचली. वाद्य म्हणजे काय, ते कंपनीनं कुठंच लिहिलं नव्हतं. आता मधेच कुणाला विचारायला जायचं म्हणजे आपल्याला कळत नाही हे गावभर करायचं. त्यानं जरा डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "वाजतं ते वाद्य. हे ठोकायचं वाद्य. चल आत."

झालं. तोंडाला लगाम असतो, रांगेला नसतो. सुतारानं करवत वाकवून कुँई कुँई आवाज काढला. तारेच्या वाद्यात जमा. एका मावशींनी भांड्यांचं गाठोडं जमिनीवर आपटलं. आपटायचं वाद्य. सायकलवाल्यानं घंटी वाजवली आणि सायकल आत. एक टाय लावलेले साहेब होते, त्यांना असला आचरटपणा पसंत नव्हता, पण छत्री लांब दांड्याची होती आणि ती टपावर टाकायची म्हणजे कठीण. त्यांनी इकडंतिकडं बघून ती फटकन उघडली.

"पुन्हा," कंडक्टर म्हणाला.

साहेबांनी पुन्हा उघडली.

"सुरात आहे. छत्री आत ठेवा."

मग आला आपला ढोलवाला. "ढोल आहे," म्हणाला आणि पाय पायरीवर ठेवला.

"थांब. वाजवून दाखव."

"अरे बाबा, कातडं नाही त्याला. मढवायलाच चाललोय."

"वाजत नाही?"

"कातड्याशिवाय कसा वाजेल?"

"मग वर."

ढोलवाल्यानं खोडावर बोटांनी टकटक केलं. "हे घे, वाजला."

"हा ढोलाचा आवाज आहे का?"

"ढोलाचा नाही, पण…"

"मग कुणाला शेंडी लावतोस?"

"ते पिंप गेलं ना आत?"

"पिंपानं मी ढोल आहे असं कधी सांगितलं नाही," कंडक्टर म्हणाला. "तू सांगतोयस."

आतून पिंपवाला खिडकीतून म्हणाला, "मामा, लवकर करा, आमच्या पिंपाला वारा लागतोय."

पहिला थेंब पडला तो ढोलवाल्याच्या नाकावर. त्याला मैदान दिसलं, मैदानात धाकटा दिसला, आणि धाकट्याच्या गळ्यात ढोल दिसला. त्यानं खोड तोंडापुढं धरलं. "हे फुंकायचं वाद्य आहे," म्हणाला आणि आत तोंड घालून ओरडला. पोकळ लाकडातून आवाज असा घुमला की स्टँडवरचं कुत्रं उठून बसलं.

"जरा मोठ्यानं. नक्की ठरवायला पाहिजे," कंडक्टर म्हणाला.

ढोलवाला पुन्हा ओरडला. मग आणखी मोठ्यानं. चौथ्या वेळेला घशात काहीतरी चरचरलं आणि कंडक्टर म्हणाला, "फुंकायचं. द्या आत." खोड हातोहात आत गेलं आणि एका कोरड्या सीटवर बसलं.

आता गंमत बघा. सगळी वाद्यं आत बसली आणि माणसं बाहेर राहिली. सायकल दोन सीटवर, पिंप एका सीटवर, गाठोडं मधल्या वाटेत. वाद्यं बाहेर काढायची म्हणावं तर पाटी आडवी येते. कंडक्टरनं हिशेब सरळ केला, "वाद्य आत, बाकी सर्व टपावर. माणसांचंही तेच."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"वाजा."

पिंपवाला आधीच आत होता, त्यानं तिथूनच शिट्टी वाजवली. सुतारानं बोटं मोडून दाखवली. मावशींच्या कडेवरचं बाळ आपण होऊन रडलं आणि दोघांना जागा मिळाली. सायकलवाल्याला उचकी लागलेलीच होती. साहेबांना म्हटलं काहीतरी करा, तर म्हणाले, "मी इज्जतदार माणूस आहे." इज्जतदार माणूस शिडीनं वर गेला.

ढोलवाल्यानं तोंड उघडलं. घशातून नुसता वारा आला.

"आवाज नाही," कंडक्टर हळहळून म्हणाला. खरंच हळहळून, माणूस वाईट नव्हता. "वर जा मामा."

तासभर पाऊस कोसळला. टपावर दोघं, आणि छत्री खाली.

ढोल अगदी कोरडा पोचला, कातडं झकास चढलं. पण रात्री ढोलवाल्याला ताप चढला आणि सकाळी हात उचलवेना. शाळेतून माणूस आला, बघून गेला, आणि थोड्या वेळानं दारात धाकटा उभा. त्याचा स्वतःचा ढोल भाड्यानं गेला होता, म्हणून हाच न्यायला आला होता. इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदा समोरासमोर. बायकोनं दोघांकडं बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

धाकट्यानं ढोलावर थाप मारली. खणखणीत वाजला.

"कालच्या पावसात भिजला नाही?"

"नाही," ढोलवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तो आत होता."

"आणि दादा, तू?"

"मी सामान."